अनुमोदक

“अमेरिका कुणाच्या बाजूनं आहे ते मागनं बघू,” सरपंच म्हणाले, “आधी ढोकरवाडी कुणाच्या बाजूनं आहे ते सांगा, भाऊसाहेब.”

मी म्हणालो, “ढोकरवाडी पाठिंबा द्यायला तयार आहे. पण त्यांची एक अट आहे. बंधाऱ्याच्या फळ्या यंदा चार दिवस आधी काढून खाली त्यांना पाणी सोडायला पाहिजे.”

“युद्धाचा आणि बंधाऱ्याचा काय संबंध?”

“मीही तेच विचारलं. ते म्हणाले, आत्ता गरज तुम्हाला आहे, एवढाच संबंध.”

सरपंच सर्जेराव निकम खुर्चीत मागे रेलले. मग म्हणाले, “काढा फळ्या. देशापुढं चार दिवसांचं पाणी काय मोठं लागून गेलं?”

दोन हजार एकचा डिसेंबर होता तो. दिल्लीतल्या हल्ल्यानंतर सगळं सैन्य सरहद्दीवर गेलं होतं आणि युद्ध आज होतं की उद्या, याच्यावर चहाच्या टपरीपासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत सगळीकडे पैजा चालल्या होत्या. मी आंबेतळीचा ग्रामसेवक. कृष्णाकाठचं हे गाव फौजेत माणसं पाठवणारं म्हणून तालुक्याला माहीत होतं. आमदारांनी निरोप धाडला होता की युद्ध करावं असे गावोगावचे ठराव मला द्या, मी ते दिल्लीला पोचवतो. सर्जेरावांनी तो निरोप मनावर घेतला. नुसता आपल्याच गावाचा ठराव नको, आजूबाजूच्या सात गावांचे पाठिंब्याचे ठराव सोबत जोडायचे, असं त्यांनी ठरवलं. टीव्हीवर रोज कुठला देश आपल्या बाजूनं आहे आणि कुठला नाही हे ऐकून त्यांना ते सुचलं असावं. आठ दिवस मी सायकलवरून सात गावं फिरलो. एका गावाला एसटीचा थांबा पाहिजे होता, एकाला यात्रेचा मान. एका सरपंचाची अट एवढीच होती की पेपरात त्यांचं नाव आमच्या सरपंचांच्या आधी यावं. ही एकच अट सर्जेरावांनी मान्य केली नाही.

मला तेव्हा या सगळ्याची गंमत वाटत होती. मी ती घरी बायकोला रंगवून सांगत होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मला कुणी भोळा समजायला नको.

पेपरातल्या नावाची अट सोडून ते सरपंचही वळले. सात गावं झाली, आता राहिला आमचा ठराव. ठरावाला एक सूचक लागतो, म्हणजे तो मांडणारा. आणि एक अनुमोदक लागतो, म्हणजे त्याला दुजोरा देणारा. सूचक सरपंच स्वतः होते. अनुमोदक कोण, यावर त्यांना शंका नव्हतीच.

“सुभेदार,” ते म्हणाले. “बोलवा त्यांना.”

सुभेदार हणमंत धोंडी शेलार एकाहत्तरची लढाई लढून आले होते. साठीचा माणूस, पण चालताना जमीन मोजत चालल्यागत ताठ. त्यांचा मुलगा संपत त्या वेळी राजस्थानात, सरहद्दीवरच होता. मला या गावात राहायला खोली त्यांनीच बघून दिली होती. चार वर्षांत माझं गावात दुसरं कुणाशी इतकं जमलं नव्हतं.

ते आले, बसले, सरपंचांचं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं.

“माझं नाव नको,” ते म्हणाले.

“का हो?”

“नको म्हणजे नको.”

“सुभेदार, तुम्हीच असं म्हणायला लागला तर लोकांनी बघायचं कुणाकडं?”

“सर्जेराव, हुकूम झाला तर संपत पुढं जाईल. मी त्याला अडवणार नाही. मीही गेलोच होतो. पण हुकूम देणारे दिल्लीत बसलेत. त्यांना कर म्हणून इथनं हात वर करायचा, आणि जायचं दुसऱ्यानं, हे मला जमणार नाही.”

सरपंच माझ्याकडे बघून हसले. “घरनं दम मिळालेला दिसतोय.”

सुभेदारही हसले. “तेही आहे. संपतची मुदत फेब्रुवारीत संपतीय. आणखी दोन वर्षं राहायचं का, यावर त्याची सही मागतील. आईला तो घरी पाहिजे. मी तिच्यासमोर बसून पत्र लिहिलंय त्याला, सही करू नको म्हणून. आता इकडं सही करू नको लिहायचं आणि तिकडं सभेत युद्ध करा म्हणायचं, हे दोन्ही एका तोंडानं कसं म्हणू?”

एवढं बोलून ते उठले. खोलीत आम्ही तिघंच होतो.

विशेष ग्रामसभा तीन दिवसांनी भरली. शाळेच्या पटांगणात दीडशेवर माणूस होतं, एरवी कोरम भरायला मला घरोघर फिरावं लागतं. दारातच हजेरीचं रजिस्टर ठेवलं होतं. येणारा त्यावर सही करून आत जायचा. सुभेदारही सही करून मागच्या रांगेत जाऊन बसले. सरपंचांचं भाषण झालं, घोषणा झाल्या, आणि “हात वर करा” म्हटल्यावर पटांगणभर हात वर झाले. ग्रामसेवकाला मत नसतं, तरी माझाही हात वर गेला होता. मंचावरून मला सगळे दिसत होते. मागच्या रांगेत सुभेदारांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. त्यांच्या आजूबाजूचे सगळे पुढं बघत होते, त्यामुळे ते माझ्याशिवाय आणि सरपंचांशिवाय कुणाला दिसलं नसणार.

दुसऱ्या दिवशी मी ठराव लिहायला बसलो. सरपंच शेजारी उभे होते.

“अनुमोदक?” मी विचारलं.

“माजी सैनिकाचं नाव पाहिजे. नाहीतर आमदार म्हणतील, फौजींच्या गावातले फौजी कुठं गेले?”

“सुभेदार नाही म्हणालेत.”

“अहो, त्यांची सही आहे ना हजेरीवर? ठराव सर्वानुमते झाला. सर्वांत ते आले की नाही आले?”

मी पेन घेऊन बसून राहिलो. आता लोकांना वाटेल, माझ्यावर फार मोठा दबाव होता. तसलं काही नव्हतं. सर्जेराव माणूस म्हणून वाईट नव्हते, आणि माझी बदली करण्याइतका त्यांचा हात वर पोचतही नव्हता. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसरं नाव सांगितलं असतं. खरी गोष्ट अशी की माझ्या लेखी अनुमोदकाच्या नावाला काही किंमत नव्हती. एकोणीस वर्षांच्या नोकरीत मी शेकडो ठराव लिहिले होते. गटाराच्या ठरावाला अनुमोदक म्हणून, सभेला न आलेल्या माणसाचं नाव मी कितीदा घातलं होतं, आणि त्या माणसाला ते कधी कळलंही नव्हतं. सगळे ग्रामसेवक असंच करतात. ठराव कुणी वाचत नाही, फक्त तपासणीच्या वेळी मोजतात. हाही कुणी वाचणार नाही, असं मी धरून चाललो.

मी लिहिलं : ‘अनुमोदक — श्री. हणमंत धोंडी शेलार, निवृत्त सुभेदार.’

तो ठराव मात्र वाचला गेला. आमदारांच्या कार्यालयातून त्याची प्रत तालुक्याच्या वार्ताहराच्या हाती लागली आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पेपरात चौकट आली : ‘मुलगा सीमेवर, तरी युद्धाला बापाचं अनुमोदन’. खाली सात गावांचा पाठिंबा, सर्जेरावांचा फोटो, आणि सुभेदारांचा एकाहत्तर सालचा पराक्रम, त्यातला निम्मा वार्ताहरानं मनानंच घातलेला.

सुभेदार पेपर घेऊन कार्यालयात आले. चिडलेले नव्हते, बुचकळ्यात पडलेले होते.

“हे कुठनं आणलं यांनी, भाऊसाहेब?”

त्या क्षणी ठरावांचं रजिस्टर माझ्या मागच्या कपाटात होतं. हात मागं करायचा अवकाश होता. मी म्हणालो, “पेपरवाल्यांचं काय, सुभेदार. काहीही छापतात.”

“मला वाटलंच. ठरावात तसं नाही ना?”

“छे.”

“मग मरू दे,” म्हणाले आणि चहा न घेताच गेले. वार्ताहराला त्यांनी पुढं बाजारात गाठून बरंच सुनावलं असं कळलं. तो बिचारा सांगत होता की माझ्याकडं प्रत आहे, पण सुभेदारांनी ते कानावर घेतलं नाही. त्यांना माझा शब्द पुरेसा होता.

नंतर सव्वीस जानेवारीची ग्रामसभा आली. प्रत्येक सभेत पहिला विषय असतो तो मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. ते मोठ्यानं वाचायचं असतं. मी कधीच वाचत नसे. “मागील इतिवृत्त वाचून कायम,” एवढं एका दमात म्हणायचं आणि पुढच्या विषयावर जायचं, ही माझी पद्धत. त्या दिवशी सुभेदार पहिल्याच रांगेत बसले होते. अजूनही वेळ गेली नव्हती. एक दुरुस्ती सुचवली असती, चार माणसांपुढं तोंडघशी पडलो असतो, आणि सुटलो असतो. मी तेच वाक्य नेहमीच्या वेगानं म्हटलं. सुभेदारांनी सगळ्यांबरोबर मान डोलावली.

फेब्रुवारीच्या मध्यावर संपतचं पत्र आलं. ते मी नंतर पाहिलं. त्याच्या पलटणीत ढोकरवाडीचा एक पोरगा होता, त्याला घरून पेपरचं कात्रण गेलं होतं. संपतनं लिहिलं होतं : ‘दादा, तुमचं पत्र मिळालं. ते आईनं बसून लिहून घेतलं असणार, हे मी ओळखलं. तुमच्या मनातलं पेपरात वाचलं. तुम्ही सगळ्या गावापुढं बोलल्यावर मी पेन्शन घेऊन घरी कसा येऊ? सही केली आहे. आईला तुम्हीच समजवा.’

सून शालन हिनं ते पत्र सासूला वाचून दाखवलं. सुभेदारांनी त्याच दिवशी उलट टपाली लिहिलं की पेपर खोटा आहे, पत्र खरं आहे. पण सही होऊन गेली होती.

मार्चच्या अकरा तारखेला तार आली. सुरुंग पेरताना स्फोट झाला. संपतची जुनी मुदत संपून अकरा दिवस झाले होते.

युद्ध झालंच नाही. पुढं ऑक्टोबरात सैन्य आपापल्या छावण्यांत परत गेलं. सात गावांचे ठराव दिल्लीला पोचले की आमदारांच्या कपाटातच राहिले, ते मला कधी कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

संपत गेल्यावर महिन्यानं, एप्रिलात, सुभेदार कार्यालयात आले तेव्हा त्यांच्या हातात अर्ज होता. रीतसर, कोर्ट फी स्टॅम्प लावलेला. विशेष ग्रामसभेच्या ठरावाची खरी नक्कल मिळावी.

“कशाला हवीय?” मी विचारलं.

“घरी दाखवायला.” ते खुर्चीच्या कडेवर बसले. “ती माझ्याशी बोलत नाही, भाऊसाहेब. महिना झाला. म्हणते, मला एक लिहून दाखवलं आणि गावाला दुसरं सांगितलं. मी म्हणतो, मी हात वर केला नव्हता. तिनं शेजारीपाजारी विचारलं, तर चारजण म्हणाले, आम्ही शेजारीच होतो, पहिला हात सुभेदारांचा. सर्जेराव भेटायला आले, तेही तिच्यासमोर छाती फुगवून तेच सांगून गेले.” त्यांनी अर्ज टेबलावर ठेवला. “आता तुमचं रजिस्टर तेवढं राहिलंय. सरकारी कागद दाखवला की तिला पटेल.”

सर्जेरावांना एव्हाना ते खरंच वाटत असावं. शेजाऱ्यांनाही. मी लबाड म्हणत नाही त्यांना. छापून आलं की माणसाला तसंच आठवायला लागतं.

मी म्हणालो, “दप्तर तपासणीला पंचायत समितीत गेलंय. पुढच्या आठवड्यात या.”

पुढच्या आठवड्यात ते आले, तेव्हा मी दुसरी काही नोंद करत होतो आणि तेच रजिस्टर माझ्यापुढं उघडं होतं. मी ते मिटलं नाही. मिटून काय होणार होतं? मी पानं मागं उलटली आणि त्यांच्यापुढं सरकवलं.

त्यांनी चष्मा लावला. बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.

“ह्यात चूक झालीय,” ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, मला वाट करून देत असल्यासारखं म्हणाले, “घाईत झालं का?”

“नाही,” मी म्हणालो. “माहीत असून लिहिलं. सरपंच म्हणाले माजी सैनिकाचं नाव पाहिजे. मला वाटलं, कोण वाचतंय.”

ते मला मारतील असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि ते म्हणाले, “त्या वार्ताहराला मी भर बाजारात किती बोललो.” मग उठले. “चला.”

“कुठं?”

“घरी. रजिस्टर घ्या. हे मला सांगितलंत ते तिला सांगा.”

आक्का, म्हणजे संपतची आई, सोप्यात तूर निवडत बसल्या होत्या. सुभेदार दारातच थांबले. मी समोर बसून सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. सभेआधीचं बोलणं सांगितलं, सुभेदारांचे हात गुडघ्यांवर होते ते सांगितलं, पेपर आला तेव्हा मी खोटं बोललो तेही सांगितलं. आक्कांचा हात सुपात फिरत होता, तो मध्येच कधीतरी थांबला.

“ह्यांचं नाव हाय का त्यात?” त्यांनी विचारलं.

“आहे. पण मी घातलंय, आक्का.”

“सही?”

“सही त्यांचीच, पण ती दारातली, हजेरीची.”

“आन् त्याच्या फुडच्या सभंत ते वाचून दावलं न्हवं? सरपंच म्हनलं, वाचून कायम झालं, आन् ह्ये म्होरंच बसल्यालं.”

“वाचलं नव्हतं. मी कधीच वाचत नाही.”

आक्का माझ्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेत राग असता तर मी काहीतरी बोललो असतो. तिथं माया होती.

“भाऊसाहेब,” त्या म्हणाल्या, “तुमी भला मानूस. चार वर्सं आमच्यात जेवताय. शालनचा दाखला असू द्या, घराचा उतारा असू द्या, तुमचं अक्षार कधी हिकडचं तिकडं झालं न्हाई. आन् ह्येच तेवढं खोटं लिवलंसा व्हय?”

“हो आक्का. हेच खोटं लिहिलं.”

“न्हाई. तुमी खोटं लिवनारं न्हाई. तुमी मैतराला झाकताय. ह्यांनी हात धरून आनलंय तुमास्नी, मला दिसतंय की.”

“आक्का, शपथ घेतो. माझ्या पोरांची शपथ—”

“नगा!” त्यांनी माझा हात धरला. “नगा घिऊ. ल्हान लेकरं हायती तुमची. माझं गेलं तेवढं पुरं.”

मी रजिस्टर उघडून पुढं केलं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी नवऱ्याच्या नावावरून बोट फिरवलं, कुठलं नाव ते मीच दाखवलं होतं, आणि पुन्हा सूप ओढून घेतलं. दारात उभ्या असलेल्या सुभेदारांकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, “मी दुरुस्तीचा ठराव मांडतो. पुढच्याच सभेत. नोकरी गेली तरी चालेल.” आणि मी ते मनापासून म्हणत होतो, एवढंच काय ते माझ्या बाजूनं सांगता येईल.

“आता नको,” सुभेदार म्हणाले. “आता दुरुस्ती झाली तर ती म्हणेल, तीही मीच करून घेतली.” वेशीपर्यंत ते माझ्याबरोबर चालत आले. तिथं थांबून म्हणाले, “तुम्ही मात्र जेवायला येत जा. बंद करू नका.”

“मी? कुठल्या तोंडानं येऊ?”

“या. ती तुमच्याशी बोलते. घरात दुसऱ्या कुणाशी बोलत नाही.”

माझी बदली व्हायला अजून दोन वर्षं होती. ती दोन वर्षं मी दर गुरुवारी त्यांच्याकडे जेवायला जात राहिलो. आक्का माझ्या पोरांची चौकशी करायच्या, भाकरी आग्रह करून वाढायच्या. सुभेदार माझ्या शेजारच्या पाटावर बसलेले असत, वीतभर अंतरावर. वाढता वाढता आक्का मला म्हणायच्या, “भाऊसाहेब, त्यास्नी म्हनावं, आमटी गार व्हाया लागलीया.”

आणि मी सुभेदारांकडे वळून तसं सांगत असे.